तुमच्या पत्रात त्याचं नाव नाही

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन एकाच विषयावरची, समलिंगी जोडप्यांविषयीची निघाली, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. मराठी मासिकातल्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांना या विषयाचा जुना इतिहास आहे. र. धों. कर्वे यांनी आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकामध्ये हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं छापली, म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला चालला. हायकोर्टात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. आज मला ही उत्तरं लिहिताना तशी भीती नाही, म्हणून ती नीट, वेळ घेऊन लिहायची असं ठरवलं. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी घोडबंदर रोडला, कासारवडवलीला राहते. वय ५८. मुलगा ३१ वर्षांचा, ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. चार वर्षं तो नेरूळला एका मित्राबरोबर भाड्याने राहतो. तो मुलगा जळगावकडचा, स्वभावाने गरीब. दोन वर्षं गणपतीला आमच्याकडे आला. मार्चमध्ये यजमानांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा तीन रात्री हॉस्पिटलात तोच झोपायला होता. दर रविवारी मी दोघांचा डबा द्यायचे. यंदा गौरी जेवल्या त्या रात्री मुलाने सांगितलं की ते नुसते मित्र नाहीत, जोडीदार आहेत, आणि मार्गशीर्षात पन्नास माणसांत छोटा समारंभ करायचा आहे. त्या दिवसापासून मी डबा दिलेला नाही. यजमान बँकेतून निवृत्त झालेत, ते या विषयावर तोंडच उघडत नाहीत. साताऱ्याच्या थोरल्या जाऊबाई फोनवर 'यंदा तरी बार उडवा' म्हणतात. आमच्याकडे त्यांचा शब्द शेवटचा. समाज खरंच बदललाय का, की हे सगळं कोर्टात आणि टीव्हीवरच? कायद्याने लग्न नाही, मग या समारंभाला म्हणायचं काय? आणि लोकांना मी काय सांगू?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, तुमचं मूळ पत्र तीन पानांचं आहे. मी ते दोनदा वाचलं. त्यात तुमच्या जाऊबाईंचं नाव आहे, डॉक्टरांचं आहे, मोलकरणीचंसुद्धा आहे. त्या जळगावच्या मुलाचं नाव एकदाही नाही. 'तो मुलगा', 'ह्याचा मित्र', आणि एका ठिकाणी 'ती व्यक्ती'. याकडे मी नंतर येते.

आधी समाज बदललाय का ते पाहू. मी ठाण्यातल्या कॉलेजात बत्तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. पहिल्या सत्रात मुलांना वहीत एक शिडी काढायला लावायचे. एमरी बोगार्डस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात सामाजिक अंतर मोजण्यासाठी केलेली ही पट्टी. अमुक गटातला माणूस तुमच्या देशात चालेल का? तुमच्या कचेरीत? तुमच्या गल्लीत? मित्र म्हणून? आणि सगळ्यात वरच्या पायरीवर, सोयरीक करून तुमच्या घरात? खरं तर हे कळायला आपल्याला परदेशी पट्टीची गरज नाही. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी होते. पंगतीला शेजारी बसवतील, पण मुलगी देणार नाहीत. जात टिकते ती बेटीव्यवहार बंद ठेवल्यामुळे, हे आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात दाखवलं. समाज आपलं कुंपण सगळ्यात उंच बांधतो ते लग्नापाशी.

आता तुमचं घर या शिडीवर ठेवून बघा. तो मुलगा गणपतीला आला, उकडीचे मोदक खाल्ले, रविवारचा डबा त्याच्यासाठी वेगळा भरला गेला, तुमचे यजमान आजारी असताना रात्रभर खुर्चीत बसला. रोटीव्यवहार पुरा झाला होता. गौरीच्या रात्री त्याच्यासाठी एकच शब्द बदलला, 'मित्र'चा 'जोडीदार' झाला, आणि डबा थांबला. तुम्ही दुष्ट आहात म्हणून असं घडलेलं नाही. या पायरीवर बहुतेक घरं अडतात, आणि तुम्ही डब्याची गोष्ट स्वतःहून लिहिलीत याचा अर्थ ती तुम्हाला टोचते आहे.

२०२३ मध्ये प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संस्थेने वेगवेगळ्या देशांत या विषयावर मतं घेतली. भारतात ५३ टक्के लोकांनी समलिंगी लग्नाला कायदेशीर मान्यता असावी असं सांगितलं, ४३ टक्क्यांनी नसावी असं. हा आकडा मी खोटा म्हणणार नाही, पण त्यावर विसंबून तुम्हाला 'समाज बदललाय, निर्धास्त राहा' असंही सांगणार नाही. प्रश्न कायद्याविषयीचा होता, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या लग्नाविषयीचा. 'तुमच्या मुलाचं असेल तर?' हा प्रश्न कुठल्याही पाहणीपेक्षा तुमच्या स्वयंपाकघरात जास्त खरा विचारला गेला आहे.

तरी मतं बदलतात, आणि चांगली झपाट्याने बदलतात. अमेरिकेत गॅलपच्या पाहणीत १९९६ मध्ये २७ टक्के लोक अशा लग्नाच्या बाजूने होते, २०२२ मध्ये ७१ टक्के. सव्वीस वर्षांत म्हातारे गेले आणि तरुण आले एवढ्याने इतका फरक पडत नाही. हयात असलेल्या माणसांनी आपलं मत बदललं. त्यामागचं एक मोठं कारण अगदी साधं आहे. 'असं' कुणीतरी आपल्या ओळखीचं, आपल्या घरचं आहे हे लोकांना कळलं. नुसत्या ओळखीने मात्र भागत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये त्याच्या अटी सांगितल्या आहेत. दोघं बरोबरीच्या नात्याने भेटावेत, दोघांचं काही काम एक असावं, ते हातात हात घालून करावं, आणि ज्यांचा शब्द चालतो त्यांचा त्याला पाठिंबा असावा.

माझ्या घरची गोष्ट सांगते. माझ्या चुलतबहिणीने १९७९ मध्ये वसईच्या ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. चरईतल्या आमच्या वाड्यात आजीने तिचं नाव घ्यायचं बंद केलं, सहा वर्षं. मग आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालायचे होते, आणि घरात दुपारी मोकळा असणारा माणूस कुणीच नव्हता. बहिणीच्या नवऱ्याची रात्रपाळी होती, तो दुपारी यायचा. महिनाभर. आजीने कधी माफी मागितली नाही, कुणाशी चर्चा केली नाही. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती म्हणाली, 'हे आमचे जावई.' त्या वेळी आजीकडे 'जावई' हा शब्द तयार होता. तुमची अडचण अशी आहे की तुमच्याकडे शब्दच नाही.

मराठी नात्यांची नावं फार नेमकी आहेत. मुलाची बायको सून, मुलीचा नवरा जावई, आणि तिथून पुढे व्याही, विहीण, मेहुणा, साडू, नणंद, जाऊ. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नात्यांचा अभ्यास केला तेव्हा या शब्दांना फार महत्त्व दिलं, कारण नात्याच्या शब्दात वागण्याचे नियम असतात. कोणी कोणाच्या पाया पडायचं, कोणाची थट्टा चालते, कोणासमोर पदर सावरायचा. मुलाच्या नवऱ्यासाठी आपल्याकडे शब्द नाही, म्हणून त्याच्याशी वागायचं कसं हेही कळत नाही. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात त्याने 'मित्र' लिहिलं, असं तुम्ही म्हणता. दुसरं काय लिहिणार होता?

तर समारंभाला काय म्हणायचं? कायद्याचं आधी सांगते, कारण त्यात गोंधळ नको. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधला सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत घातलेलं ते कलम होतं. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने लग्न हा मूलभूत हक्क नाही असं एकमताने म्हटलं. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टमध्ये बदल करायचा तर तो संसदेने, असं सांगितलं. लग्नाऐवजी निदान नोंदणीकृत सहजीवन द्यावं या मुद्द्यावर निकाल तीन विरुद्ध दोन असा नकारात गेला. फेरविचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे तुमच्या मुलाचा समारंभ गुन्हा नाही, आणि कायद्याच्या नजरेत विवाहही नाही.

पण लग्न कधीच नुसतं कायद्याने झालेलं नाही. कधी कायदा पुढे गेला आणि माणसं मागे राहिली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तरी त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. (वर ज्यांच्या खटल्याची गोष्ट आली ते र. धों. हे धोंडो केशवांचेच चिरंजीव, आणि इरावतीबाई या घरच्या सूनबाई. एका घराने मराठी समाजाला किती वेळा विचार करायला लावला आहे!) कधी उलटही झालं. तमिळनाडूत समाजसुधारक पेरियार यांच्या चळवळीतली जोडपी भटजीशिवाय, एकमेकांना हार घालून लग्नं करत राहिली. कायद्याने ती १९६७ च्या दुरुस्तीनंतर मान्य केली, आणि आधी झालेलीही वैध धरली. चाळीसएक वर्षं ती जोडपी काय होती? शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लेखी नवराबायकोच होती. आपल्या सत्यशोधक पद्धतीच्या लग्नांचीही, १८७३ पासून, वाट अशीच खडतर होती. म्हणून मी त्याला लग्नच म्हणेन. निमंत्रणावर तुमच्या मुलाला जो शब्द हवा तो छापावा, पण तुम्ही तिथे 'गेट-टुगेदर'ला आल्यासारख्या बसू नका.

आता लोक. माझ्या विद्यार्थ्यांना मी एक काम द्यायचे, तेच तुम्हाला देते. कागदावर त्या 'लोकां'ची नावं लिहा. ज्यांच्या बोलण्याने तुमची झोप खरंच उडेल अशांचीच. वर्गात ही यादी पंचवीस-तीस नावांच्या पुढे कधी गेल्याचं मला आठवत नाही. तुमच्या यादीत जाऊबाई असतील, भिशीच्या चार-पाच जणी, सोसायटीतले काही, माहेरचे दोन भाऊ. यातल्या कुणाला सांगायचं ते आधी मुलाला विचारा. ही त्या दोघांची गोष्ट आहे, तुमची नंतर. त्यांनी होकार दिला तर पहिला फोन साताऱ्याला करा. सगळ्यात अवघड माणूस आधी, कारण त्यांचा शब्द शेवटचा आहे असं तुम्हीच लिहिता. त्यांना हे तुमच्याकडून कळलं तर त्या रागावतील. दुसरीकडून कळलं तर रागावतील आणि दुखावतीलही.

यजमानांशी भावनेच्या भाषेत बोलायला जाऊ नका, निदान सुरुवातीला नको. ते बँकेतले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या वित्त खात्याने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. हे त्यांना दाखवा आणि दोघांची खाती-नॉमिनेशनं नीट आहेत का ते बघून द्यायला सांगा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे त्यांच्याइतकं चांगलं कोण समजावणार? आपल्याकडच्या पुष्कळ बापांना प्रेम फॉर्म भरूनच दाखवता येतं. ते कमी प्रतीचं असतं असं मला वाटत नाही.

मुंबईत 'स्वीकार' नावाचा अशा मुलांच्या पालकांचाच गट आहे. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टातल्या सुनावणीच्या वेळी त्यांच्या चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं की आमच्या मुलांची लग्नं कायद्याने झालेली आम्हाला आमच्या हयातीत बघायची आहेत. त्यांच्याशी बोला. मी आई म्हणून या वाटेवरून गेलेली नाही, त्यांच्यातल्या आया गेल्या आहेत.

नातं सांगायला शब्द सापडेल तेव्हा सापडेल. तोवर त्याचं नाव आहे. येत्या रविवारी डबा भराल तेव्हा, पूर्वीप्रमाणे दोन भराल तेव्हा, फोन मुलाला न करता त्याला करा.

प्रश्न : मी वाशीतल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी. एका सभासदाने फ्लॅट दोन पुरुषांना भाड्याने दिला आहे. ते 'तसले' आहेत, मुलांवर परिणाम होईल, परवानगी नाकारा, असा अर्ज काही सभासदांनी दिला आहे. काय करावं?
– सेक्रेटरी, नवी मुंबई

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, भाडेकरू ठेवायला सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे त्याने सोसायटीला कळवायचं, लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. ती आली असेल तर तुमच्यापुढे नाकारण्यासारखं काही नाही. अर्जावर तेवढंच लिहा आणि फाइल करा. त्यावर सर्वसाधारण सभेत चर्चा ठेवू नका. दोन माणसांचा बिछाना हा सभेचा विषय होत नसतो.

नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. तुमच्या बिल्डिंगमधलं जवळजवळ प्रत्येक घर कुठलं तरी गाव, कुठली तरी चाळ सोडून आलेलं असणार. गावात 'कुणाचा कोण' हे विचारल्याशिवाय कुणी पाणी देत नसे, आणि ते नको म्हणूनही पुष्कळ जण इथे आले. अर्जावर सह्या करणाऱ्यांच्या घरी आंतरजातीय लग्नं झालेली असतील, घटस्फोटित लेक परत आलेली असेल. त्यांना हे शहर मोकळं वाटलं, तसं त्या दोघांनाही वाटू द्या. मुलांवर परिणाम होईल तो मोठी माणसं लिफ्टमध्ये त्यांच्याशी कशी वागतात त्याचा.

प्रश्न : मी २७ वर्षांची, खारघरला राहते, नर्स आहे. माझी जोडीदार शिक्षिका आहे. दोन्ही घरी स्थळं बघताहेत. कुणीतरी सुचवलं की आपल्यासारख्याच एखाद्या मुलाशी नावापुरतं लग्न कर, सगळे खूश. करू का? आणि लग्न होऊ शकत नसेल तर आम्ही एकमेकींसाठी काय करून ठेवू शकतो?

उत्तर : जुलै २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ३७७ वर निकाल दिला त्या आठवड्यात माझ्या वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलाने त्यावर प्रश्न विचारला. मी म्हणाले, 'हा विषय अभ्यासक्रमात नाही.' तो खाली बसला आणि वर्षभर परत काही विचारलं नाही. ते उत्तर मला अजून जाळतं. तुला तसं उत्तर देणार नाही.

नावापुरतं लग्न नावापुरतं राहत नाही. लग्नात दोन घरं जोडली जातात, आणि घरं मग मागण्या घेऊन येतात. वर्षभरात पाळणा कधी, दोन वर्षांत डॉक्टर. त्याचा भार बाईवर जास्त पडतो, कारण नांदायला तिनेच जायचं असतं. यातलं काही माहीत नसलेल्या मुलाशी तर लग्न करूच नकोस, तो त्याच्यावर अन्याय होईल. तुझ्या हातात नोकरी आहे. नकार टिकवायला सगळ्यात जास्त बळ तिचंच मिळतं. ज्यांच्याकडे ती नाही त्या मुलींचा विचार मनात येतो तेव्हा 'समाज बदलतोय' हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो. ठाणे स्टेशनवर आपण तृतीयपंथीयांकडून आशीर्वाद घेतो, पण भाड्याने घर देत नाही. बदल पगार, जात, इंग्रजी बघून दार उघडतो आहे.

दोन बायका एकत्र राहतात तेव्हा लोक 'मैत्रिणी आहेत' म्हणतात. त्या शब्दाचा आडोसा मिळतो हे खरं. पण आजारपणात, मृत्यूत, घराच्या वाटणीत मैत्रिणीला जागा नसते. म्हणून कागद करा. संयुक्त खातं, पीएफ आणि विम्याच्या नॉमिनीचे नियम, हे सगळं एकदा बसून तपासा. केंद्राच्या अन्न खात्याने २०२४ मध्ये राज्यांना कळवलं आहे की अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एका घरातलं धरावं. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ प्रमाणे तू साध्या कागदावर लेखी देऊन तिला तुझी नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे मानसिक आजाराच्या उपचारात तुझ्या वतीने बोलणारी, नेमू शकतेस, नात्यातलीच हवी अशी अट नाही. घर एकीच्या नावावर असेल तर एक फरक लक्षात ठेव. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं. तुम्हाला ती सवलत नाही, पूर्ण शुल्क पडेल. त्यामुळे घेतानाच दोघींच्या नावावर घ्या.

आणि मृत्युपत्र. सत्ताविसाव्या वर्षी विचित्र वाटेल, तरी करा. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्या बाबतीत ती करून घ्याच, कारण पुढे भाऊ-चुलते हरकत घेऊ शकतात. दोन साक्षीदार लागतात. त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं आणि त्यांना त्यातून काही मिळणारं नसावं. एक साक्षीदार वयाने तुमच्या बरोबरीचा घ्या, म्हणजे गरज पडेल तेव्हा तो हयात असेल. दुसरा साक्षीदार मिळत नसेल तर मासिकाच्या पत्त्यावर मला कळव. मी खारघरला येईन.